पुजलेली पेटी

उद्घाटन करायचं ठरलं तेव्हा पेटी अकरा दिवसांपासून वापरात होती, आणि खरी अडचण तीच होती.

"वापर सुरू झालाय म्हणून काय उद्घाटन सोडायचं?" हेडमास्तर चनमल्लप्पा म्हणाले. "नौबादच्या विज्ञान प्रदर्शनात या पेटीमुळं दुसरा नंबर आलाय शाळेचा. पेपरात फोटो देयाचा म्हटलं तर कशाचा देयाचा? बाथरूमचा?"

त्यांच्यासमोर उभी असलेली प्रेरणा दहावीत होती. पेटी तिची होती. म्हणजे कल्पना तिची, पत्रा औरादच्या दुकानातला, आणि आतले दोनशे पॅड तिच्या आईच्या बचत गटाने दिलेले. मुलींच्या बाथरूममध्ये नळाच्या वर दोन स्क्रूंनी ती बसवलेली होती. जिला लागेल तिने न विचारता घ्यायचं. 'न विचारता' हाच प्रयोगाचा गाभा आहे, असं प्रेरणाने वहीत लिहून त्याखाली रेघ मारली होती. चिंताकीच्या पुढच्या फाट्यावरच्या या मराठी शाळेत बाईंची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती, तेव्हा विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला? शाळेत बाई माणूस म्हणजे दुपारचं जेवण रांधणाऱ्या भागम्मा अक्का. त्या साडेदहाला यायच्या आणि भांडी घासून दोनला जायच्या.

अकरा दिवसांत अडतीस पॅड गेले होते. त्याच अकरा दिवसांत आठवी ते दहावीच्या चौसष्ट मुलींपैकी एकीनेही 'पोटात दुखत आहे' असा अर्ज दिला नव्हता. प्रेरणाने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले होते, आणि निष्कर्ष काढायला अकरा दिवस फार कमी आहेत, असंही खाली लिहिलं होतं. ती अशी मुलगी होती.

निष्कर्षापेक्षा तिला काळजी होती ती तिच्याच बाकावर बसणाऱ्या श्रीदेवीची. श्रीदेवी दर महिन्याला चार-पाच दिवस घरी राहायची. वर्षाचे दिवस दोनशे वीस. परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी, म्हणजे एकशे पासष्ट दिवस. श्रीदेवीचे भरले होते एकशे त्रेचाळीस आणि वर्षाचे उरले होते चोवीस.

"दोन दिवस चुकले तर चालतंय," प्रेरणाने तिला हिशेब करून दाखवला होता. "तिसरा न्हाई."

"अन् चुकला तर?"

"एकशे चौसष्ट. चौऱ्याहत्तर पूर्णांक पंचावन्न शतांश."

"म्हंजे पंचाहत्तरच की."

"न्हाई," प्रेरणा म्हणाली.

परीक्षा हुकली तर पुढे काय, याचा बेत श्रीदेवीच्या आईने तयार ठेवला होता. त्या बेतात उदगीरकडचा एक नवरा होता. परीक्षा झाली तर निकालापर्यंत थांबायला आई तयार होती. पेटी भिंतीवर लागल्यावर पहिल्यांदाच श्रीदेवीची एक पाळी शाळा न चुकता गेली होती, त्यामुळे उरलेल्या चोवीस दिवसांची दोघींना भीती वाटत नव्हती.

मग उद्घाटन झालं.

शुक्रवारी सकाळी व्यंकट शिपायाने पेटी भिंतीवरून काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि मैदानातल्या टेबलावर आणून ठेवली. पूजेला शाळा समितीचे अध्यक्ष गुरुशांतप्पा आले होते. शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा त्यांच्याच हातून व्हायची. बोअरच्या मोटारीची झाली होती, गॅसच्या शेगडीची झाली होती. तीन वर्षांपूर्वी दोन कॉम्प्युटर आले, तेव्हा एकाच्या फटीत हळद गेली. तो अजून सुरू झालेला नाही, पण त्याला दसऱ्याला हार मात्र दुसऱ्याच्या बरोबरीने मिळतो.

गुरुशांतप्पांनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं, शेवंतीचा हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडून त्याचं पाणी वरून शिंपडलं. फट वरच्या बाजूला रुंद होती. हेडमास्तरांनी वीस मिनिटं भाषण केलं. त्यात पेटीला 'विद्यार्थिनींच्या सर्वांगीण प्रगतीचं साधन' म्हटलं, पण आत काय आहे ते एकदाही सांगितलं नाही. त्यामुळे आठवीच्या मुलांना ती तक्रारपेटी वाटली, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिच्यात 'भातात मीठ कमी असते' अशा दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या.

फोटो झाले. व्यंकटने पेटी उचलली आणि विचारलं, "सर, हिला आता तितंच लावू का?"

चनमल्लप्पा 'व्हय' म्हणणारच होते, तेवढ्यात गुरुशांतप्पांनी हात वर केला.

"तितंच म्हंजे कुटं रे? पुजलेली वस्तू संडासात न्हेतोस व्हय?"

हा मुद्दा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता, आणि आता आला म्हटल्यावर तो कुणालाच सोडता येईना.

"अप्पा, ती तितलीच हाय," प्रेरणा म्हणाली. "तितं असली तरच तिचा उपयोग."

"व्हती तितली. आता पूजा झालीय. तुमच्यात नसंल हे. आमच्यात असतंय."

'तुमच्यात' म्हणजे कुणात, ते सगळ्यांना कळलं. प्रेरणाच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर कुणी नारळ फोडत नसे. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात पदराला हात पुसत उभ्या असलेल्या भागम्मा अक्का पुढे आल्या.

"आमच्यात बी कुटं असतंय, गुरुशांतप्पा? बसवजयंतीला माईक हातात घेऊन कोण सांगतंय, आमच्या लिंगायतांत पाच सुतकं न्हाईत, जन्माचं न्हाई, मरणाचं न्हाई, बाईला विटाळ न्हाई म्हणून? तुमच्या गळ्यात लिंग हाय, माझ्या बी गळ्यात हाय. मी त्या दिवसांत बी पूजा करत आले. अन् पत्र्याच्या डब्याला विटाळ व्हायलाय?"

गुरुशांतप्पा चाळीस वर्षं अडतीच्या धंद्यात होते.

"मी पोरीचा विटाळ म्हणलो का, भागम्मा? पोरीला विटाळ न्हाईच. पोरीनं पेटीला खुशाल हात लावावा. मी संडासाचं म्हणायलाव. संडास काय त्या पाचात येतंय का?"

"न्हाई येत," हेडमास्तर सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. "हे तत्त्वात बसायलंय."

"मंग पोरींनीच पेटीकडं यावं की," गुरुशांतप्पा म्हणाले. "पेटीनं कामून जावं?"

अशा रीतीने पेटी हेडमास्तरांच्या ऑफिसात गेली. लोखंडी कपाटावर, बसवण्णा आणि आंबेडकरांच्या तसबिरींच्या मधे, तिला जागा मिळाली. व्यंकट रोज सकाळी तिन्हींना उदबत्ती लावू लागला.

प्रेरणा दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली. "सर, पेटी राहू द्या वर. आतले पॅड दुसऱ्या डब्यात घालून बाथरूममध्ये ठेवते."

चनमल्लप्पांना ते पटलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त कुणाशी वाद झाला की त्यांना ॲसिडिटी व्हायची. त्यांनी गुरुशांतप्पांकडे पाहिलं. गुरुशांतप्पा रोज दहा ते एक ऑफिसातल्या बाकावर पेपर वाचत बसत.

"नारळाचं पाणी आत गेलंय ना?" पेपर न हलवता ते म्हणाले. "मंग आतलं बी पुजलंयच."

नवे पॅड मागायचे तर बचत गटाची पुढची बैठक थेट मार्चमध्ये होती. गावातल्या दुकानात पॅड मिळायचे, पण ते दुकान श्रीदेवीच्या चुलत्याचं होतं. तिथून काय नेलं ते सामान घरी पोचायच्या आत घरी कळायचं. प्रेरणाने घरातलं स्वतःचं पाकीट आणलं आणि एका बिस्किटाच्या डब्यात घालून नळाच्या वर ठेवलं. पॅड सात होते, मागणाऱ्या नऊ निघाल्या. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी तो व्यंकटला सापडला. शाळेची पेटी ऑफिसात असताना बाथरूममध्ये भलता डबा नको, म्हणून त्याने तो आणून पेटीच्या शेजारी ठेवला. गुरुशांतप्पांनी त्याच्यावरही एक फूल ठेवलं. बिस्किटाचा डबाही गेला.

"तू शिपाई हायस का पुजारी?" भागम्मा अक्कांनी व्यंकटला विचारलं.

"मला काय इचारतीस, अक्का? मला सांगितलं उदबत्ती लाव, लावली. उद्या विजव म्हणतील, विजवतो."

आता कुणाला लागलं तर ऑफिसात यावं लागे. आत तिघं पुरुष. चनमल्लप्पांनी आवाज शक्य तितका मऊ केला होता, मुलगी दारात दिसली की ते म्हणत, "ये बाळ, काय पायजे?" आणि मुलगी आत यायची, कपाटाकडे बघायची, बाकावरच्या उघड्या पेपरकडे बघायची आणि म्हणायची,

"खडू."

व्यंकट खडू द्यायचा. मुलगी खडू घेऊन जायची.

दोन आठवड्यांत पेटीतून एकही पॅड गेला नाही, आणि मुलींनी ऑफिसातून एकतीस खडू नेले. प्रेरणाने दोन्ही आकडे वहीत लिहिले. या प्रयोगात खडू मोजावे लागतील असं तिला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

"खडू कामून इतके जायलेत?" चनमल्लप्पा व्यंकटवर ओरडले. मग कपाटाकडे पाहून त्यांचा चेहरा जरा उजळला. "पण पेटीतलं काय जायलं न्हाई बघ. म्हंजे गरजच संपली म्हणायची."

वापर शून्य म्हणजे गरज शून्य. हे विधान चुकीचं आहे हे सिद्ध करायला प्रेरणाला एक मुलगी पुढे आणावी लागली असती, आणि तेच तर कुणी करणार नव्हतं.

उरलेल्या दिवसांतला पंधरावा दिवस सोमवार होता. त्या दिवशी श्रीदेवी आली नाही. मंगळवारीही नाही. दोन दिवस संपले.

बुधवारी ती आली. जुन्या साडीच्या कापडाच्या चार घड्या करून आली होती आणि सकाळपासून हलत नव्हती. दुसऱ्या तासाला प्रेरणा तिला म्हणाली, "चल, ऑफिसात जाऊ. मी येते संगं. मी मागते."

"अन् माझ्या तोंडाकडं बघून कळायचं न्हाई का त्यांना, कुणाला पायजे ते?"

"कळू दे की."

"तुला सोपं हाय," श्रीदेवी म्हणाली. "गुरुशांतप्पा माझ्या चुलत्याच्या दुकानात चहा पितो."

तरी त्या गेल्या. प्रेरणा दारातून आत शिरली आणि एका दमात म्हणाली, "सर, पेटीतलं पायजे."

चनमल्लप्पा उठलेच. पण पेटीच्या झाकणाला आता कुलूप होतं. पुजलेल्या वस्तूत मुलांनी चिठ्ठ्या टाकू नयेत म्हणून फट पत्र्याने बंद करून ते घातलेलं, आणि किल्ली गुरुशांतप्पांकडे. गुरुशांतप्पा त्या दिवशी एका लग्नाला चिटगुप्प्याला गेले होते.

"उद्या आल्यावर देतो," हेडमास्तर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ते काही तरी द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहू लागले, आणि त्यांनी श्रीदेवीला एक खडू दिला.

संध्याकाळी श्रीदेवी साडेतीन किलोमीटर चालत घरी गेली. गावात शिरताना पाठीमागून नववीची तीन पोरं सायकलवर येत होती. ती काही बोलली नाहीत, फक्त हळू झाली आणि मागेच राहिली, हसत. घरी आईने पांढऱ्या सलवारीची मागची बाजू पाहिली आणि दप्तर माळ्यावर टाकलं.

गुरुवारी श्रीदेवी आली नाही. तिसरा दिवस. एकशे चौसष्ट.

त्याच गुरुवारी ऑफिसात फोन आला. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे साहेब उद्या पेटी पाहायला येणार होते. पेटीमुळे मुलींची हजेरी किती वाढली, ते पाहून आणखी शाळांत असं काही करता येईल का, हे ठरवायचं होतं. चनमल्लप्पांनी हजेरीपट मागवला. उद्घाटनानंतरची मुलींची हजेरी उद्घाटनाच्या आधीपेक्षा कमी होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि ॲसिडिटीची गोळी घेतली. तासाभराने प्रेरणाला बोलावणं आलं.

"आलेख काढायचाय. आकडे मी सांगतो."

हजेरीपट टेबलावर उघडा होता. उद्घाटनापासूनच्या सगळ्या रकान्यांत सगळ्या मुली हजर होत्या. ठिकठिकाणी खोडून, वर पांढरा रंग लावून, त्यावर नवी सही. श्रीदेवीच्या ओळीत तीन ठिकाणी.

"सर, हे खरं न्हाई."

"मला म्हायती हाय."

"सर, पेटीतनं एक बी पॅड गेला न्हाई. म्हंजे आपण असं दाखवायलाव, की पेटी कपाटावर ठेवली, उदबत्ती लावली, की मुली शाळेला येतात."

चनमल्लप्पांनी चष्मा काढला. "प्रेरणा, बस इतं. श्रीदेवीचे किती भरायलेत आता?"

प्रेरणाला उत्तर आधीच आलं होतं. राहिलेले सगळे दिवस धरून, एकशे सदुसष्ट.

"तू म्हण, खोडतो. लाल शाईनं खरं लिहितो. मंग त्या पोरीचं हॉल तिकीट येत न्हाई. तू लिही त्या कागदावर खाली, आकडे खोटे हायत म्हणून. मी सही करतो." त्यांनी पेन पुढे केलं. "माझी बदली व्हईल. तिचं लगीन व्हईल."

प्रेरणाने ते पेन टेबलावर ठेवलं. मग पट्टी आणि पेन्सिल काढली आणि आलेख काढायला सुरुवात केली. तिने आयुष्यात काढलेला तो सगळ्यात नीट आलेख होता. रेषा वर चढत गेली आणि शंभरावर टेकली.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी कपाटावरची पेटी पाहिली, हात जोडले आणि मग आपण कशाला हात जोडले ते आठवून चष्मा पुसला. आलेख पाहून ते खूश झाले. "एक वर्ग बघू," ते म्हणाले आणि दहावीच्या वर्गात जाऊन स्वतः मुलींची नावं वाचू लागले. हजेरीपटावर त्या दिवसाचे रकाने सकाळीच भरून ठेवलेले होते.

"श्रीदेवी."

चनमल्लप्पा भिंतीला टेकले. साहेबांनी पुन्हा नाव वाचलं आणि मान वर केली. "हजर लिहिलंय इथं. कुठं आहे?"

पहिल्या बाकावरून प्रेरणा उठली.

"बाथरूमला गेलीय, सर."

"असं होय. असू दे, थांबतो मी. येऊ दे तिला. तिच्याशीच बोलावं म्हणतो."

"येळ लागंल, सर."

"किती?"

"सांगता येत न्हाई, सर," प्रेरणा म्हणाली. "पाचवा दिवस हाय तिचा."

शाळेने त्या दिवशी साहेबांना सांगितलेलं हे एकमेव खरं वाक्य होतं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागच्या बाकावरची मुलं खाली बघू लागली. चनमल्लप्पा खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नको, नको. राहू दे. निवांत येऊ दे तिला," ते म्हणाले आणि वर्गातून जवळजवळ पळालेच.

ऑफिसात बसून त्यांनी शेरा लिहिला. पेटीचा प्रत्यक्ष वापर सुरू असल्याचं दिसून आलं. मुलींमध्ये मोकळेपणा आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली, स्वच्छ व पवित्र जागी ठेवल्यामुळे यश मिळालं असून हीच पद्धत इतर वीस शाळांत राबवावी. गुरुशांतप्पांनी त्यांना नारळ आणि शाल दिली.

शाळा सुटल्यावर प्रेरणा साडेतीन किलोमीटर चालत श्रीदेवीच्या घरी गेली. श्रीदेवी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"एकशे त्रेसष्ट," ती म्हणाली. "मला बी येतंय की गणित."

"एकशे सदुसष्ट. हॉल तिकीट येतंय तुझं." प्रेरणा तिच्याशेजारी बसली आणि एक शेंग उचलली. "तू आज हजर व्हतीस. काल बी. सोमवारी, मंगळवारी बी."

श्रीदेवीचे हात थांबले. तिने प्रेरणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. प्रेरणा चेष्टा करत नाही हे तिला ठाऊक होतं. मग तिने घराच्या दाराकडे पाहिलं, आत आई भाकरी थापत होती, आणि आवाज खाली आणला.

"मंग काय शिकवले आज?"

"काई न्हाई. साहेब आलते."

श्रीदेवीने पुढची शेंग घेतली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी आले असते तर फुकटच गेला असता दिवस."